पोस्टकार्डाएवढी जागा

लमारनं जाताना मागे ठेवलं ते असं :
एक शिडी, शिकारीचे बूट, कोटाच्या खिशांत सिमेंटची धूळ
आणि एका ट्रस्टचे एकशेसाठ शेअर.
हा ट्रस्ट गोदामं बांधतो, भाड्यानं देतो,
आलेलं बहुतेक सगळं वाटून टाकतो.
कायद्यानंच टाकावं लागतं,
असं लमार सांगायचा, बटाटे सोलता सोलता.

मी अठ्ठावीस वर्षं शाळेची बस चालवली.
मला डोकी मोजता येतात.
तेव्हा चष्मा पुसून वार्षिक अहवाल घेऊन बसले,
शेवटच्या पानापासून.

एका शेअरमागे सव्वा चौरस फूट.
म्हणजे माझे दोनशे.
आमच्या स्वयंपाकघराएवढे, फ्रीजची जागा धरून.
पण ते एका ठिकाणी नाहीत.
अकराशे गोदामांत वाटले
तर प्रत्येकात सव्वीस चौरस इंच :
एक पोस्टकार्ड.
टेक्ससात एक, रॉटरडॅमला एक,
ओसाकाच्या खाडीलगत एक,
आणि एक इथे, नाझरेथच्या रस्त्याला,
जिथे परवापर्यंत हार्लन मोयरचे बटाटे होते.

हार्लननं रान विकलं ते हसत विकलं.
एकरी इतकं, की आकडा सांगताना त्याची बायको
आवाज खाली आणायची, कुणाचं आजारपण सांगावं तसा.
आता ती दोघं फ्लोरिडात. नाताळला संत्री पाठवतात.
आणि खोटं कशाला बोलू,
उतारावरून येताना मला ती पांढरी भिंत आवडते.
बर्फ पडलं की तिचं छप्पर कुठे संपलं ते कळत नाही.

जानेवारीत एका मंगळवारी गेले.
गेटवर खोपटं. आत एक बाई, टोपीवर टोपी,
हातमोज्यांची बोटं कापलेली, छातीवर नाव : युडेल्का.
"डिलिव्हरी? की मुलाखत?"
म्हटलं, "माझी जागा बघायला आलेय."
आणि सगळं सांगितलं, सव्वीस चौरस इंचांसकट.
मागे ट्रक भोंगा वाजवत होता.
त्याला तिनं हातानंच थांबवलं, शेवटपर्यंत ऐकलं,
मग म्हणाली,
"म्हणजे मालकीणबाईच की!
मग ह्या खोपटातला हीटर तेवढा बघा.
थँक्सगिव्हिंगपासून बंद आहे."

महिनाअखेर तिमाहीचा लाभांश आला :
एकसष्ट डॉलर, चाळीस सेंट.
हीटर चोपन्नला मिळाला.
शेजारच्या सीटवर ठेवला, पट्टा लावला. सवय.
युडेल्कानं खोकं उघडलं, बघितलं,
पुन्हा नीट बंद केलं.
"बाहेरची वस्तू प्लगला लावायची नाही. नियम आहे."
कुणाचा?
ती ठेकेदाराची. ठेकेदार म्हणतो, भाडेकरूचा.
भाडेकरू म्हणतो, मालकाचा.
आम्ही दोघी रस्त्याकडे बघत उभ्या राहिलो,
मालक आत्ता येईल अशा.

एप्रिलमध्ये मतपत्रिका आली.
अकरा संचालक : पसंत, नापसंत.
हिशेबतपासनीस : पसंत, नापसंत.
वरच्या लोकांचे पगार : पसंत, नापसंत.
मी समासात पेन्सिलनं लिहिलं :
गेट नंबर दोन. हीटर.
समासातलं यंत्र वाचत नाही, ठाऊक आहे.
बसमध्येही सूचनापेटी होती,
तिची किल्ली कुणाकडेच नव्हती.

हीटर गॅरेजमध्ये आहे, लमारच्या शिडीखाली.
परत करायची मुदत गेली.
शेअर विकलेले नाहीत.
भाव चढलाय, गोदामं भरलेली आहेत,
आणि पुन्हा थंडी आलीय.
मी मंगळवारी थर्मास घेऊन जाते.
कॉफीबद्दल नियम नाही.
निदान अजून तरी
आमच्याकडून तसा काही निघालेला नाही.